अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी राहिली? एबीसीत काय घ्यावं, काय नको

बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी राहिली की पुण्यातली मुलं दोन दिवसांत पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक, म्हणजे एबीसी, गाठतात आणि पिशवी भरून आणतात. नवं टेक्स्टबुक, दोन गाईडं, एक एमसीक्यूचं पुस्तक, वर भिंतीवरचा चार्ट. घाबरून केलेल्या या खरेदीतलं निम्मं पुढच्या परीक्षेपर्यंत उघडलंही जात नाही. या एका गरजेपुरता चौक कसा आहे? जुनी पुस्तकं आणि स्टेशनरी यांसाठी उत्तम, प्रश्नसंचांसाठी बरा. पण कशात कमी पडलो, ते दुकानात कळत नाही. ते घरून ठरवूनच निघावं.

ते ठरवायचं तर आधी गुण कुठे गेले ते बघा. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच कॉलेजच्या ऑफिसात विचारा. लेखी पेपर 75 गुणांचा, त्यात अ‍ॅनाटमीचा विभाग 37 चा आणि फिजिऑलॉजीचा 38 चा. वेळ तीन तास. म्हणजे 180 मिनिटांना 75 गुण, एका गुणाला जेमतेम अडीच मिनिटं. दहा गुणांच्या उत्तराला 24 मिनिटं आणि पाच गुणांच्या उत्तराला 12, त्याहून जास्त देणं परवडत नाही. हृदयाची सुंदर आकृती रंगवण्यात पाऊण तास गेला की फिजिऑलॉजीची शेवटची दोन उत्तरं चार-चार ओळींत उरकावी लागतात. पुष्कळ मुलं अशी, येत असूनही नापास होतात. त्यांना तिसरं पुस्तक नको असतं, घड्याळ लावून पेपर सोडवायला कोरे कागद हवे असतात.

आता पुस्तकं. टेक्स्टबुक एकच घ्या, आणि कॉलेजात शिकवतात तेच घ्या. दुसऱ्या लेखकाचं घेतलं की तोच धडा वेगळ्या क्रमाने येतो आणि पहिल्यांदा जेवढं डोक्यात बसलं होतं तेही हलतं. तुमच्याकडे आधीचं पुस्तक असेल तर नवं घ्यायची काही गरज नाही. नसेल तर जुनं बघा. चांगल्या स्थितीतली प्रत साधारण निम्म्या किमतीत मिळून जाते. पैसे देण्याआधी मात्र तीन पानं उघडून बघा: हृदय, नेफ्रॉन (मूत्रपिंडातली सूक्ष्म गाळणी) आणि मेंदूचा उभा छेद. अभ्यासाने सगळ्यात झिजलेली पानं हीच असतात. शिलाई इथेच सुटते, रंगीत पान इथलंच गायब असतं आणि आधीच्या मालकाने पेनाने लेबलं गिरवली असतील तर बाणाचं टोक नक्की कुठे आहे ते दिसत नाही. जाड रंगीत पुस्तकाची काळी-पांढरी झेरॉक्स घेऊ नका, स्वस्त पडली तरी. झेरॉक्समध्ये लाल धमनी आणि निळी शीर दोन्ही एकाच राखाडी रंगाच्या होतात. रक्ताभिसरणाच्या धड्यात मग हाती काही उरत नाही.

गाईड आणि सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत अभ्यासक्रमाची होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सेमिस्टरचा अभ्यासक्रम 2021 पासून लागू झाला. त्याआधीच्या वार्षिक पद्धतीत मायक्रोबायोलॉजी पहिल्या वर्षाला होती, आता ती तिसऱ्या सेमिस्टरला आहे. म्हणून ‘फर्स्ट इयर’ एवढंच लिहिलेला संच असेल तर आतली अनुक्रमणिका बघा. त्यात मायक्रोबायोलॉजी दिसली तर पुस्तक खाली ठेवा. सेमिस्टरचा संच मिळाला तरी दोन गोष्टी तपासा. डाव्या फुफ्फुसाचे दोनच खंड दाखवलेत ना? पल्मनरी आर्टरी, म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणारी धमनी, निळी आहे ना? तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, पण घाईत छापलेल्या पुस्तकांत ती लाल सापडते. एवढं चुकलेलं असेल तर उत्तरांवरही विश्वास ठेवू नये.

स्टेशनरी हे या चौकाचं खरं बळ. रेघा नसलेली, छोट्या आकाराची, ड्यूटीच्या बॅगेत मावेल अशी वही घ्या. सोबत साधी एचबी पेन्सिल. रोज पुस्तक न बघता एक आकृती, मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका. नेफ्रॉन काढलात तर बाजूला आकडे लिहा: दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला 125 मिली गाळलं जातं, म्हणजे दिवसाला 180 लिटर, आणि लघवी होते फक्त दीड लिटरच्या आसपास. मग बाकीचं कुठे गेलं, या एका प्रश्नात रीअ‍ॅबसॉर्प्शनचा, म्हणजे गाळलेलं परत शोषून घेण्याचा, अख्खा धडा येतो. लेबलं इंग्रजीत, स्पेलिंगसकट. मराठीतून समजून घेण्यात अजिबात कमीपणा नाही, पण पेपर इंग्रजीत लिहायचाय. आतड्यातला इलियम आणि कमरेच्या हाडाचा इलियम कानाला सारखेच, लिहिताना पहिल्याचं तिसरं अक्षर ई आणि दुसऱ्याचं आय. लॅमिनेटेड चार्ट दिसायला छान असतात, पण त्यांवर नावं आधीच छापलेली असतात. नुसतं बघून हात वळत नाही.

वही छोटी घ्या म्हणायचं कारण आहे. विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरच्या तासांना बसता येतं, पण पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं असावं लागतं. म्हणजे हा अभ्यास वॉर्डाच्या पोस्टिंगसोबतच करावा लागणार, बसमध्ये आणि हॉस्टेलच्या गॅलरीत. दिवसाला चाळीस मिनिटं, पण रोज. आणि निकालाचं घरी सांगून टाका, मनात ठेवून अभ्यास होत नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला तर त्याच दिवशी वॉर्डनला किंवा वर्गाच्या मॅडमना सांगा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. तो चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

चौकात गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. कसबा पेठ किंवा मंडई मेट्रो स्थानकातून चालत येता येतं. जूनमध्ये शाळांची गर्दी असते, तेव्हा काउंटरवर पुस्तक उघडून बघायला कुणी उसंत देत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. विषय आणि सेमिस्टर कागदावर लिहून न्या. नव्या पुस्तकाच्या छापील किमतीवर सूट विचारा, बहुतेक दुकानांत मिळते. बिल जपून ठेवा, आणि नवं पुस्तक असेल तर त्यावर नाव घालायची घाई करू नका. कोरं असेल तर चुकीची आवृत्ती निघाल्यावर बदलून मिळायची शक्यता राहते.