आर की झाले-उन्स्ट्रुट? एकाच शनिवार-रविवारसाठी

जर्मनीच्या वाइन-पट्ट्यातल्या उत्तरेकडच्या या दोन छोट्या द्राक्षखोऱ्यांपैकी एकच बघायला वेळ असेल, तर आधी रेड वाइन हवी की व्हाइट, हे ठरवा.

रेड हवी असेल तर आर. बॉनच्या दक्षिणेला, ५०.५ अंश उत्तरेवर रेड वाइनची द्राक्षं पिकतात ती पायाखालच्या दगडामुळे. उभ्या उतारांवरचा काळा पाटीचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो. जेमतेम साडेपाचशे हेक्टरच्या या पट्ट्यात ८० टक्क्यांच्या आसपास द्राक्षं काळी, त्यात सर्वांत जास्त श्पेटबुरगुंडर, म्हणजेच पिनो न्वार. ३५ किलोमीटरची पायवाट बागांमधूनच जाते. वाटेत माइशॉसला १८६८ सालची द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था आहे. सहकाराच्या मुलखातल्या माणसाने तिथे थांबायलाच हवं.

जुलै २०२१ च्या पुराने या खोऱ्यातली १३० हून अधिक माणसं नेली. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून इथल्या लोकांनी मदतनिधी उभा केला. अशा गावात मुक्काम करणं, जेवणं, दोन बाटल्या घेणं मला मोलाचं वाटतं.

झाले-उन्स्ट्रुट आणखी उत्तरेला, ५१ अंशांवर. इथे शिंपल्यांची चुनखडी, कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्याविना रचलेल्या भिंतींचे टप्पे आणि हलक्या, कोरड्या व्हाइट वाइन. वाइसबुरगुंडर, म्हणजेच पिनो ब्लां, आधी चाखा. इथल्या द्राक्षशेतीचा उल्लेख इ. स. ९९८ च्या दानपत्रात आहे. पाऊस कमी, पण उशिराच्या थंडीची धास्ती कायम. एप्रिल २०२४ मध्ये कोवळे फुटवे करपून पिकाचं फार नुकसान झालं. नाशिकच्या बागायतदाराला नवल वाटेल ते छाटणीचं. आपल्याकडे खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशा दोन. इथे वेल हिवाळाभर झोपते, म्हणून मुख्य छाटणी एकदाच. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आई-बाबा सोबत असतील तर मी झाले-उन्स्ट्रुटच सुचवेन. आरचे चढ गुडघ्यांची परीक्षा घेतात. इथे नदीकाठचा रस्ता सपाट आहे, आणि बागा नको झाल्या तर नाउमबुर्गचं कॅथेड्रल आहेच. फ्रायबुर्गच्या सेक्ट (फेसाळ वाइन) कारखान्यात १८९६ सालचं १,२०,००० लिटरचं कोरीव लाकडी पीपही दाखवा.

लाइपझिगहून नाउमबुर्ग तासाभराच्या आत येतं, तिथून फ्रायबुर्ग अगदी जवळ. तिकीट काढताना मात्र ‘फ्रायबुर्ग (उन्स्ट्रुट)’ हेच नाव बघा; ब्लॅक फॉरेस्टजवळचं मोठं फ्रायबुर्ग देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.