मुलासाठी घेतलेली ७ एमएम-०८: अस्वलाच्या पहिल्या हंगामानंतर, आणि त्या मॅगझिनच्या खटक्याबद्दल

मुलासाठी घेतलेल्या शिकारीच्या रायफलचं (७ एमएम-०८ हे तिच्या काडतुसाचं नाव) मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, रानात आपोआप सुटून पडलं, त्याची तक्रार केली होती. कंपनीचं उत्तर परवा आलं. मॅगझिनचा खटका ठरवलेल्या मापातच आहे, त्यामुळे वॉरंटीत काही करता येणार नाही, असं दोन ओळींत, आणि खाली नवीन मॅगझिन विकत घ्यायची लिंक. साडेपाचशे डॉलर मोजल्यावर हे ऐकून घ्यायचं असेल, तर निदान इतर आईबापांना ते घेण्याआधी कळू दे, म्हणून लिहायला बसले. रायफलचं नाव देत नाही. या किमतीच्या बहुतेक बोल्ट रायफलींना (दर गोळीनंतर हाताने दांडा मागे-पुढे करून पुढचं काडतूस चढवायच्या) काढता-घालता येणारं प्लॅस्टिकचं मॅगझिन असतंच, तेव्हा मी जे सांगणार आहे ते कुठल्याही दुकानात, कुठल्याही नावाची रायफल हातात घेऊन तपासता येईल.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. नवरा इथलाच, आणि पॉटर काउंटीत सासऱ्यांचा जुना हंटिंग कॅम्प आहे. मुलगा चौदाचा झाला, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, ज्युनियर लायसन्स आणि अस्वलाचं वेगळं लायसन्स काढलं. ज्युनियरांना ऑक्टोबरमध्ये तीन दिवसांचा खास हंगाम मिळतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीची गर्दी सुरू होण्यापूर्वी. कराडला आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, ‘अगं, पोलीस धरून नेतील ना पोराला?’ तिचंही बरोबरच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला हात लावणं हा मोठा गुन्हा आहे. इथे काळ्या अस्वलांची संख्या इतकी चांगली सावरली आहे की २०१९ साली एकट्या पेनसिल्व्हेनियात ४,६५३ अस्वलांची विक्रमी शिकार झाली. नियम मात्र कडक. माणशी वर्षाला एक अस्वल, आमिष नाही, कुत्रे नाहीत, सेमी-ऑटोमॅटिक रायफल (पुढचं काडतूस आपोआप चढणारी) चालत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस हवंच.

रायफल माझ्या नावावर आहे, कारण अठराच्या आतल्याला दुकानदार विकूच शकत नाही. एच-१बी किंवा तसल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यात बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स असलेल्यांना अपवाद आहे, पण तो शब्दन् शब्द वाचून मगच दुकानात पाऊल टाका.

काडतूस कुठलं, यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. सासऱ्यांकडे रेमिंग्टन ७६० आहे, .३०-०६ काडतुसाची, पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे करून काडतूस चढवायची. या राज्यात सेमी-ऑटो चालत नसल्यामुळे त्या पिढीच्या कितीतरी घरांत ही एक रायफल सापडेल. त्यांचं म्हणणं, आपण सगळे हीच वापरत आलो, पोरगाही वापरेल. मुलाने रेंजवर ती उडवली. आवाज काढला नाही त्याने, पण पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसला आणि डोळे मिटले. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. .३०-०६ चा धक्का साधारण २० फूट-पाउंड, आणि पोराचं वजन तेव्हा जेमतेम पन्नास किलो. दुकानदार .२४३ विन्चेस्टरच्या मागे लागला होता, धक्का निम्म्यावर येतो म्हणून. हरणासाठी मी डोळे झाकून घेतली असती. अस्वलाच्या अंगावर शरदात चरबीचा जाड थर असतो, वर दाट केस. गोळी आत राहिली तर जखम चरबीने बुजते, रक्त जमिनीवर पडण्याऐवजी केसांत मुरतं, आणि घायाळ जनावर झाडीत गेलं तर माग काढणं महाकठीण. गोळी आरपार जायला हवी, आणि त्यासाठी .२४३ च्या १०० ग्रेनपेक्षा (साधारण साडेसहा ग्रॅम) जड गोळी हवी.

७ एमएम-०८ हे या दोघांच्या मधलं काडतूस. .३०८ या काडतुसाचीच पुंगळी, तोंड आवळून ७ मिलिमीटरची गोळी बसवलेली, रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणलेली. १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची गोळी, आणि धक्का रायफलच्या वजनाप्रमाणे १२ ते १५ फूट-पाउंड. मुलाने पहिल्या दिवशी उडवली, दुर्बिणीतून डोळा काढला आणि ‘अजून आहेत का?’ असं विचारलं. मग माझ्यापुरती चर्चा संपली.

आता दस्त्याबद्दल, कारण मुलांच्या रायफलीत नळीपेक्षाही हे महत्त्वाचं. मोठ्या माणसाच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा इंच अंतर असतं, कॉम्पॅक्टमध्ये साडेबाराच्या आसपास. लांब दस्ता घेऊन मुलाला ‘मोठा झाल्यावर बसेल’ म्हणणारे बरेच भेटतात. त्याने होतं काय, तर पोर मान पुढे ताणतं, गाल दस्त्यावर टेकत नाही, रायफल खांद्यात घट्ट बसत नाही आणि धक्क्याने स्कोपची (दुर्बिणीची) कडा भुवईवर बसू शकते. माप घेताना हिवाळी कोट आणि वर नारिंगी जाकीट घालूनच घ्या. जाड कोट खांद्याशी जवळजवळ इंचभर खाऊन टाकतो. आमच्या रायफलीसोबत दस्त्याच्या टोकाला बसवायच्या पट्ट्या आणि त्यांचे लांब स्क्रू डब्यातच आले होते. उन्हाळ्यात पोराने उंची काढली, एक पट्टी चढवली, पाच मिनिटांचं काम, फुकटात. ज्याने हे डोकं लढवलं त्याचे मनापासून आभार. प्लॅस्टिकचा दस्ता घेताना मला अजिबात आवडला नव्हता, पोकळ वाटायचा. पावसापाण्यात महिनोन्महिने वापरून झाल्यावर आता लाकडाचा मागणार नाही.

काडतुसं महाग पडतात, हे आधी सांगून ठेवते. ७ एमएम-०८ चा वीसचा डबा चाळीस डॉलरच्या आसपास जातो. .३०८ सरावासाठी त्याहून बऱ्यापैकी स्वस्त मिळते. आम्ही उपाय असा केला की रोजचा सराव .२२ वर, म्हणजे छोट्या काडतुसाच्या रायफलीवर. तसाच बोल्ट, तशीच सेफ्टी, तशाच स्थिती: गुडघ्यावर, झाडाला टेकून, काठीच्या आधाराने. मोठी रायफल थोडीच उडवायची, पण दर वेळी त्याच १४० ग्रेनच्या गोळ्यांनी, ज्या शिकारीला न्यायच्या. गोळी आतल्या आत फुटून न जाता वजन धरून ठेवणारी घ्या. इथे पैसे वाचवू नका. वाचवायचे तर स्कोपवर वाचवा, लॉरेलच्या दाट झुडपांत शंभर यार्डांपलीकडचं दिसतं कुठे!

अठरा इंची नळीबद्दल माझं मत मध्येच बदललं. एप्रिलमध्ये मैत्रिणीला मी सांगितलं होतं की आखूड नळी घेऊ नका, आवाज असह्य आहे. रेंजच्या छपराखाली तो खरोखरच छातीत बसतो, आणि कानांवर चांगले मफ्स नसतील तर मुलाला तिथे उभंसुद्धा करू नका. पण सप्टेंबरात आम्ही माउंटन लॉरेलच्या जाळ्यांतून चालायचा सराव केला. सासऱ्यांची ७६० दर चार पावलांवर फांदीत अडकायची आणि पोरगा सुळकन पुढे निघून जायचा. त्या रानासाठी अठरा इंचच.

आणि त्याच रानात तो खटका.

तो असतो मॅगझिनच्या पुढच्या कडेला, नखाएवढी प्लॅस्टिकची जीभ, दाबली की मॅगझिन खाली. रायफल एका हातात तोलून चालताना ती कुठे धरतो आपण? जिथे तिचं वजन समतोल असतं तिथे, म्हणजे बरोब्बर मॅगझिनच्या पुढच्या कडेशी. उघड्या हाताला ती जीभ जाणवते, जाड हातमोज्यातून जाणवत नाही. बोटाचा दाब पडतो आणि मॅगझिन अर्धवट सुटून लोंबायला लागतं. पुढचा एक धक्का, एक फांदी, की पडलंच. घरात आणि रेंजवर हे कधी झालं नाही, कारण तिथे कोणी हातमोजे घालून रायफल वाहत नाही.

ऑक्टोबरच्या हंगामात दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सासरे ओकच्या धारेखालून चालले होते, ओकची फळं (एकॉर्न) पडली होती तिथे. ओल्या पानांवर प्लॅस्टिकचं मॅगझिन पडल्याचा आवाज येत नाही. अस्वल साठेक यार्डांवर, आडवं उभं, पानं उकरत. सासरे म्हणाले, ‘पुढचा पाय पुढे जाऊ दे.’ पोराने थांबून, हेमलॉकच्या झाडाला टेकून, पायाच्या मागे, अंगाच्या मध्यापेक्षा किंचित खाली नेम धरला आणि झाडली. अस्वल उसळून जाळीत घुसलं. शिकवल्याप्रमाणे त्याने लगेच बोल्ट मागे-पुढे केला, आणि आत दुसरं काडतूस आलंच नाही. खाली भोक. चौदा वर्षांचं पोर, जाळीत घायाळ अस्वल, हातात रिकामी रायफल. सासरे ७६० खांद्याला लावून शेजारी उभे होते, म्हणून मी हे इतक्या शांतपणे लिहू शकतेय. पहिलीच गोळी आरपार गेली होती, अस्वल तीस-चाळीस पावलांवर मिळालं. रक्त मात्र अगदी थोडं, पानांच्या खालच्या बाजूला लागलेलं, सासऱ्यांच्या अनुभवी डोळ्यांना दिसलं तेवढंच.

त्या गोळीबद्दल, त्या नळीबद्दल, त्या चापाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. शिकार नेऊन दाखवायच्या चेक स्टेशनवर गेम कमिशनच्या (राज्याच्या वन्यजीव खात्याच्या) माणसाने वजन केलं, वय काढायला छोटी दाढ उपटून घेतली, आणि आरपार जखम बघून मुलाच्या पाठीवर थाप मारली. मटणाच्या मसाल्यात रस्सा केला. थर्मामीटर लावून मांस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवाच, कारण अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा परजीवी असू शकतो आणि तो फ्रीजरने मरेलच असं नाही.

पण मॅगझिन? ते अजून त्या पानांत आहे, आतल्या काडतुसांसकट. नवीनाचे चाळीस डॉलर. कंपनीला फोटो पाठवले, हातमोजा घालून व्हिडिओ काढून पाठवला. आधी म्हणाले दुकानात दाखवा. दुकानदार म्हणाला या मॉडेलमध्ये असंच असतं. पुन्हा कंपनीला लिहिलं, आठवडे गेले, आणि परवाचं ते उत्तर. मुलांसाठी म्हणून जाहिरात करून विकायची वस्तू, आणि मूल ती कुठे धरून चालेल याचा विचार करायचा नाही?

काढता येणाऱ्या मॅगझिनचा एक खरा फायदा आहे. गाडीत भरलेली रायफल ठेवणं इथे गुन्हा आहे आणि मॅगझिन काढून नळीतलं काडतूसही बाहेर घेतलं की क्षणात मोकळी होते. मात्र खाली लोखंडी झाकण असलेल्या जुन्या धाटणीच्या रायफलीत झाकण उघडलं की काडतुसं तळहातावर येतात, त्यालाही काही वेळ लागत नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर ७ एमएम-०८ च, अठरा इंचच, पट्ट्यांचा दस्ताच, पण खाली झाकण. काढतं मॅगझिनच घेणार असाल तर दुकानात जाड हातमोजे घेऊन जा, रायफल मधोमध धरून चार फेऱ्या मारा आणि खटक्यावर बोट मुद्दाम दाबून बघा. खटका मॅगझिनच्या कडेपेक्षा आत बुडालेला असेल तर घ्या.

रायफल विकणार नाही, इतकी ती पोराच्या हातात बसली आहे. सासऱ्यांनी खटक्याच्या दोन्ही बाजूंना कडक रबराच्या पट्ट्या चिकटवून बोट पोहोचणार नाही अशी कड केली आहे. नोव्हेंबरच्या हरणांच्या हंगामात ती टिकली. गनस्मिथ खालचं सगळं बदलून झाकणाचं करून द्यायचे दीडशे डॉलर मागतोय. इतर कोणी हे काम करून घेतलं असेल तर किती पडले आणि नंतर काडतूस चढताना अडकतं का, तेवढं कळवा. त्यावर ठरवेन.