चॅसीच्या पोकळीत फवारायचे मेण : वापरलेल्या गाडीतील छुप्या गंजावर त्याचा भरवसा किती?

चॅसीच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या सांगाड्याच्या, पोकळीत फवारायचे मेण हे गंजरोधक उत्पादनांपैकी अतिशय उपयुक्त उत्पादन आहे. मात्र ते बहुतेकदा चुकीच्या टप्प्यावर वापरले जाते, असे माझे ते वापरल्यानंतरचे मत आहे. मी वापरलेले मेण द्रावकात विरघळवलेले असून दाबाच्या डब्यात मिळते. डब्याबरोबर एक लांब लवचीक नळी येते आणि तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारा सोडणारे नोझल असते. शिडीसारख्या रचनेची चॅसी असलेली एक वापरलेली गाडी घेतल्यावर तिच्या मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटांजवळ, नव्याने मारलेल्या काळ्या अंडरकोटिंगखाली (गाडीच्या तळाला देतात त्या संरक्षक लेपाखाली) गंज आढळला, म्हणून हे मेण आणले. विक्रीपूर्वी गाडीच्या पोटाला असा एकसारखा काळा थर दिलेला दिसला, तर खरेदीदाराने तिथेच थांबून तपासणी मागावी, कारण त्या थराखाली काय आहे हे नुसत्या नजरेला कळत नाही.

अशा चॅसीचे लांब बीम अनेक गाड्यांत आतून पोकळ पेटीसारखे असतात. चिखल, पाणी आणि रस्त्यावरचे मीठ त्यांच्या छिद्रांतून आत शिरते. निचऱ्यासाठी ठेवलेली खालची छिद्रे चिखलाने बुजली की ओल आतच राहते. मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेते, त्यामुळे गाडी कोरड्या जागी उभी असली तरी आतला गंज वाढत राहू शकतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. म्हणून एकावर एक जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये तो धरला, की ते पत्रे फुगून एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरच्या रंगाला फुगवटे येतात, तोवर आतल्या पत्र्याची जाडी बरीच कमी झालेली असते.

मेणाचा डबा उघडण्याआधीची तपासणी हाच या कामाचा खरा गाभा आहे आणि डब्यावरच्या सूचनांत नेमकी तीच अगदी थोडक्यात उरकली आहे. लहान हातोडीने बीमवर ठोके देत पुढे सरकावे : शाबूत पोलाद खणखणीत वाजते, तर पोखरलेल्या किंवा आत पापुद्रे साचलेल्या जागी आवाज बद्द येतो. जिथे आवाज बदलेल तिथे जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर देऊन टेकवावे. पत्रा दबला किंवा टोक आत गेले, तर तो भाग भार पेलण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. भोके पुटीने भरून वर रंग दिल्याची शंका असेल तिथे चुंबक लावून पाहावे. त्यानंतर निचऱ्याच्या छिद्रांतून एंडोस्कोप कॅमेरा (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) आत घालावा आणि पाट्यांचे ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचे (दोन बीमना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) सांधे, इंधनाच्या टाकीच्या वरचा भाग, तसेच बॉडी जिथे चॅसीवर टेकते त्या जागा सावकाश पाहाव्यात. त्याच वेळी चॅसीलगतच्या ब्रेकच्या धातूच्या नळ्याही तपासाव्यात. गंजलेल्या चॅसीला चिकटून गेलेली नळी बहुधा शाबूत नसते आणि तिचा धोका चॅसीपेक्षा लवकर समोर येतो.

या तपासणीवरच पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चॅसींवरील गंजाबाबत 2016 साली गाडीमालकांच्या सामूहिक दाव्यात जो तडजोडीचा करार झाला, त्यातही हाच भेद होता : गंजाने 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे भोक पडलेले असेल तर चॅसी बदलायची आणि तसे नसेल तर ठरलेल्या गाड्यांच्या चॅसीवर गंजरोधक लेप द्यायचा. मेण हा दुसऱ्या गटातल्या चॅसीसाठीचा उपाय आहे. गंजाने खाल्लेल्या पत्र्याला ते कणभरही बळ देत नाही आणि तशी समजूत करून घेणे जिवावर बेतू शकते.

माझ्या गाडीत एका ब्रॅकेटजवळचा पत्रा इतका पातळ झाला होता की तिथे कापून नवा तुकडा वेल्ड करणे भाग होते. हे वेल्डिंग मेणाच्या आधीच व्हायला हवे, कारण मेण आणि त्यातला द्रावक दोन्ही पेट घेतात आणि बंद पोकळीतली आग बाहेरून लवकर लक्षातही येत नाही. इतकी गंभीर बाब डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली आहे, ही या उत्पादनाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. वेल्डिंग करणाऱ्याकडूनही एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्यावी : उच्च ताकदीच्या पोलादाच्या काही चॅसींना उष्णता दिली की त्या जागेची ताकद घटते, म्हणून त्या गाडीच्या निर्मात्याने वेल्डिंगला कुठे परवानगी दिली आहे हे पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये.

उरलेल्या भागातले पापुद्रे तारेच्या ब्रशने काढले, पोकळी पाण्याने धुतली, हवेच्या दाबाने छिद्रे मोकळी केली आणि गाडी पूर्ण वाळू दिली. जिथे हात पोहोचत होता तिथे रस्ट कन्व्हर्टर लावले; त्यातले टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळसर, स्थिर थर तयार करते. पातळ गंजावर ते चांगले काम करते, जाड पापुद्र्यांवर मात्र ते वरवरच राहते.

प्रत्यक्ष फवारणीत हे उत्पादन मनापासून आवडले. नळी बीमच्या शेवटपर्यंत सरकवून फवारा सुरू ठेवत ती सावकाश मागे ओढली, की आतल्या चारही बाजूंवर थर बसतो आणि सांध्यांच्या फटींत मेण आपणहून झिरपते. सांध्यांत शिरण्याची ही क्षमता जाड रबरी अंडरकोटिंगमध्ये नसते. उलट त्या थराला तडा गेला की पाणी त्याच्याखाली अडकते आणि गंज झाकलेल्या जागी वाढतो. थंड हवेत मेण घट्ट होते, तेव्हा डबा कोमट पाण्यात ठेवावा, ज्योतीजवळ कधीही नेऊ नये. ब्रेकच्या डिस्क आणि एक्झॉस्ट आधी झाकून घ्यावेत, रबरी बुशिंगवर फवारा जाऊ देऊ नये आणि काम संपल्यावर निचऱ्याची छिद्रे तारेने पुन्हा मोकळी करावीत, नाहीतर ओल आत कोंडण्याची मूळ अडचण आपणच पुन्हा निर्माण करू.

द्रावकाचा वास बरेच दिवस टिकतो आणि उन्हात छिद्रांतून मेणाचे थेंब गळतात, याची तयारी ठेवावी. लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचा लेपही मी चॅसीच्या बाहेरच्या अंगाला लावून पाहिला. तो लावायला सोपा आहे, पण पाण्याच्या माऱ्याने लवकर धुऊन जातो, त्यामुळे बाहेरून तो वरचेवर द्यावा लागेल. पोकळीतले मेण अधिक टिकते. काही काळाने कॅमेरा पुन्हा आत घातला तेव्हा सांध्यांवरचा थर अखंड होता. केवळ वेल्ड केलेल्या तुकड्याच्या मागे, जिथे नळी नीट पोहोचली नव्हती, तिथे एक कोरडा पट्टा दिसला आणि शेजारच्या छिद्रातून नळी घालून तो भरून घेतला.