हातपंप की डायव्हिंगची टाकी? कोकणात एअर रायफल भरताना

दहा मीटर एअर रायफलच्या सरावात रायफल आणि छर्रे यांवर सगळे भरभरून बोलतात, हवेचा विषय मात्र राहून जातो. छर्रा सुटतो तो रायफलच्या छोट्या टाकीत दाबून भरलेल्या हवेवर. मी चार वर्षं हातपंपाने रायफल भरली, गेली दोन वर्षं डायव्हिंगच्या टाकीने भरतो. 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) दोन्ही पोचवतात.

पंपाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. स्वस्त पडतो, एसटीच्या डिकीत मावतो, कोणाच्या दारात जावं लागत नाही. शंभर बारवरून दोनशेला न्यायला माझ्या हाताला शंभरेक दट्टे लागायचे. शेवटचे तीस अंगाचं सगळं वजन टाकल्याशिवाय खाली जात नाहीत, आणि मधे थांबून पंप गार होऊ द्यावा लागतो. त्यानंतर अर्धा तास हात थरथरतात. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा लगेच नेम धरण्यात अर्थ नाही. मी आदल्या रात्रीच भरून ठेवायचो. हे सगळं चालवून घेता येतं.

पाणी मात्र चालवून घेता आलं नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी पडवीत पंप मारताना चाळीस दट्ट्यांनंतर निचऱ्याचा स्क्रू सैल केला, तर फस्सकन पांढरट तुषार उडाला आणि समोरच्या चिऱ्यावर तळहाताएवढा ओला डाग पडला. हिशोब सोपा आहे. रायफलची टाकी साधारण 0.2 लिटरची, म्हणजे शंभर बार चढवायला बाहेरची वीस लिटर हवा आत जाते. आपल्याकडच्या पावसाळी वीस लिटर हवेत अर्धा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. दर भरण्याला दहाएक थेंब! ते अडवायला सिलिका जेलची नळी लावली, पण निळे मणी ओलावा शोषून दोन संध्याकाळीत गुलाबी व्हायचे. मग जुन्या वेगळ्या कढईत, मागच्या अंगणात ते सुकवत बसायचं (स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी अजिबात वापरू नका). तिसऱ्या पावसाळ्यानंतर टाकी रायफलवरून काढली तेव्हा व्हॉल्व्हच्या तोंडाशी तपकिरी ठिपके होते. दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटरही अडकायला लागला होता आणि छर्रे विनाकारण वर-खाली जात होते. मी महिनाभर स्वतःच्या श्वासाला दोष देत होतो.

डायव्हिंगच्या टाकीतली हवा माणसाने श्वासात घ्यायची असते, त्यामुळे गाळलेली आणि कोरडी. मालवण-तारकर्लीच्या जवळ राहणाऱ्याला ती भरून मिळू शकते, मात्र काही जण डायव्हिंगशिवाय भरून देत नाहीत, आधी विचारा. अकरा लिटरच्या टाकीतून रायफल एकदा भरली की टाकी दोनेक बारने उतरते. दहा वेळा भरल्यावर रायफलला 180 बारच मिळतात, पण साठ छऱ्यांची मॅच त्यात आरामात होते.

त्रास इथेही आहेतच. पंधराएक किलोचं धूड, ठरावीक वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी), भरण्याची वेगळी जोडणी, आणि एकूण खर्च पंपापेक्षा जास्त. शिवाय पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा भरणारा नाही. मी मेच्या मध्यालाच टाकी भरून आणतो. आठवड्याला दोनदा रायफल भरली तरी सप्टेंबरपर्यंत पुरते. झडप मात्र अगदी हळू उघडा, आणि पंप असो वा टाकी, ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसच लावा. शिलाई मशीनचं तेल उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं.

तुम्ही दापोली-गुहागरकडे असाल आणि भरून देणारा जवळ नसेल, तर पंपच घ्यावा लागेल. तो वाईट नाही. फक्त दर तीस दट्ट्यांनी निचरा करा आणि शक्यतो पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारी भरा. माझ्यापुरतं विचाराल तर मी पुन्हा पंपाकडे जाणार नाही. गेल्या ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस असताना, मी रायफलची टाकी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमालाला ग्रीसचा पुसटसा डाग लागला, बाकी तो कोरडा होता.