मकरपुऱ्याचं लेझर कटिंग आणि माझी दीड मीटरची सायडिंग

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका लेझर कटिंगवाल्याकडून मी मॉडेल रेल्वेचा पाट, म्हणजे रूळ बसवायची फळी, आणि रुळांलगतच्या कारखान्यांच्या इमारती कापून घेतल्या. काम चांगलं झालं. बडोद्यात कोणाला असं काही करायचं असेल तर बिनधास्त लेझरवाल्याकडे जा. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती या धंद्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये गेली. रेल्वेकडे वॅगनचा इंडेंट (मागणी) टाकायचा, कोणती वॅगन कुठे लावायची ते शंटिंगवाल्यांना, म्हणजे इंजिनाने वॅगन हलवून जागेवर लावणाऱ्यांना, लिहून द्यायचं, माल भरला की आरआर (मालाची रेल्वे पावती) हातात येईपर्यंत पाठपुरावा करायचा. वॅगन वेळेत मोकळी झाली नाही की तासावर डेमरेज (उशिराचा दंड) चढायचं. म्हणून मला गोल गोल फिरणारी गाडी नको होती, हे वॅगन लावण्याचं काम हवं होतं.

मूळ आराखडा इंग्लंडच्या ॲलन राइट यांचा, ‘इंगलनूक सायडिंग्ज’ नावाचा. सायडिंग म्हणजे वॅगन उभ्या करायचा बाजूचा रूळ. दोन पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे), तीन मार्ग. एका मार्गावर पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोनांवर तीन-तीन, आणि शंटिंग नेकमध्ये, म्हणजे इंजिन मागे-पुढे करायच्या टोकाच्या रुळावर, इंजिन अधिक तीन वॅगन. एकूण वॅगन आठ. चिठ्ठ्यांनी निघालेल्या पाच वॅगन त्याच क्रमाने लांब मार्गावर जोडून दाखवायच्या. असे क्रम 6720 होतात, तेव्हा कंटाळा यायचं कारण नाही.

माझं प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिमी त्या हिशेबाने 19.3 होतात, पण तयार रूळ 16.5 मिमीचे मिळतात, ते मी चालवून घेतले. वॅगन कपलिंगसकट 10 सेंमी, सहा चाकी डिझेल शंटर 12 सेंमी. पॉइंट पेको कंपनीचे, लहान त्रिज्येचे, प्रत्येकी 18.5 सेंमी. ते विजेच्या फ्रॉगचेच घ्या. फ्रॉग म्हणजे पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. प्लास्टिकच्या फ्रॉगवर एवढंसं इंजिन अडकून बसतं. आणि मार्गाची लांबी पॉइंटपासून धरू नका, फाउलिंग मार्कपासून धरा. शेजारच्या मार्गावरून जाणारी गाडी आपल्या वॅगनला घासणार नाही, तिथून पुढची जागाच खरी आपली. हे सगळं बेरजेला धरून पाट 150 बाय 30 सेंमीचा ठरला.

आता दुकानाबद्दल. त्यांच्या मशीनचा बेड 4 बाय 3 फुटांचा, तेव्हा पाट दोन तुकड्यांत होणार हे उघड होतं. मशीनवरच्या मुलाने नकाशावर बरोबर मधोमध बोट ठेवून विचारलं, “बेन, अहीं शुं आवे छे?” तिथे दुसरा पॉइंट येत होता. पॉइंटखाली जोड आली तर रूळ कधीच नीट बसत नाहीत. त्याने स्वतःहून 90 आणि 60 असे तुकडे केले, जोड साध्या रुळाखाली नेली आणि 6 मिमीच्या प्लायवर मार्गांच्या मध्यरेषा व फाउलिंग मार्क कोरून दिले. रेल्वेशी काही संबंध नसलेल्या मुलाने एवढं लक्ष दिलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

इमारतींच्या वेळी मात्र वाद झाला. माझ्या एका लहान मार्गावर कापसाचं गोदाम आहे. आपल्याकडे डभोईची छोटी लाइन 1862 साली कापसासाठीच पडली, सुरुवातीला तर बैल जुंपून वॅगन ओढत, तेव्हा कापूस हवाच. मी पाठवलेल्या चित्रात तीन दारं 10-10 सेंमीवर होती. दुकानाच्या डिझायनरने ती भिंतीत शोभून दिसावीत म्हणून 7 सेंमीवर आणली आणि न विचारता कापली. दिसायला सुंदर, कामाला शून्य! एका वॅगनचं दार गोदामाच्या दारासमोर आलं की बाकी दोघींची दारं भिंतीसमोर. हमाल गाठ कुठून आत नेणार? रुळालगतची इमारत म्हणजे आधी वॅगन लावायच्या जागा, मग भिंत आणि छप्पर. मी दोन वॅगन पिशवीतून काढून भिंतीला लावून दाखवल्या, तेव्हा मालकांनी एक शब्द न बोलता नवी भिंत कापून दिली, तीही फुकट.

फलाट छान जमला. मालाच्या फलाटाची उंची रुळापासून 1065 मिमी असते, म्हणजे इथे 12 मिमी. एमडीएफचे (लाकडी भुसा दाबून केलेल्या शीटचे) थर एकावर एक.

दुसऱ्या लहान मार्गावर औषधाचा कारखाना. बडोद्यात 1907 साली अलेम्बिक निघाली, त्या शहरात हा नसेल तर काय उपयोग. त्याच्या पहिल्या दोन जागा टँक वॅगनच्या आणि शेवटची, बफरजवळची, बॉयलरच्या कोळशाची. कोळसा मी मुद्दाम शेवटी घातला. कोळशाची रिकामी वॅगन काढायची तर आधी पुढचे दोन्ही टँक ओढून घ्यावे लागतात, ठेवायला जागा शोधावी लागते, मग पुन्हा जागेवर लावायचे. शिवाय स्पिरिटचा भरलेला टँक इंजिनला थेट जोडायचा नाही, मधे एक साधी वॅगन हवी, हा नियम मी माझ्या डावात ठेवला आहे. कारखाने असे नेमके ठरवले की चिठ्ठ्यांची गरजच उरत नाही. आज कोणाला काय हवं तेवढं लिहिलं की काम तयार. इमारतींची खोली फक्त 4 सेंमी, मागे सपाट, त्यामुळे 30 सेंमीच्या पाटावरही दाटी वाटत नाही.

आता तक्रार. 3 मिमी म्हणून विकलेला एमडीएफ प्रत्यक्षात 2.7 निघाला आणि सगळे खाचे ढिले झाले. चिमणीचा चौथरा तर नुसता हलवला तरी सुटत होता. कापण्याआधी शीटला व्हर्नियर लावायला अर्धं मिनिट लागतं. यावर मला “फेविकॉल भरी दो, चालशे” असं उत्तर मिळालं, ते मला अजिबात पटलं नाही. दुसऱ्या खेपेला मी आधी एका खाच्याचा नमुना कापून मागितला, बसवून पाहिला आणि मगच पुढचं काम दिलं. तुम्हीही तेच करा. कडा मात्र स्वच्छ होत्या. वर मास्किंग टेप लावून कापल्यामुळे धुराचे डाग पडले नाहीत. कडांना सँडिंग सीलरचे दोन हात घरी आणल्या आणल्या द्या, नाहीतर आपल्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतो.

दर मशीनच्या मिनिटावर, माल वेगळा, डिझाइन बदललं तर त्याचे वेगळे. माझं सगळं मिळून चार हजारांच्या आत झालं. नवरात्रीच्या तोंडावर आणि लग्नसराईत जाऊ नका. ट्रॉफ्या, नेमप्लेटी आणि पत्रिकांच्या गर्दीत छोटं काम मागे पडतं. फाइल कोरलड्रॉची न्या. लाल रेघ कापली जाते, निळी नुसती कोरली जाते, तेव्हा दारांच्या मध्यरेषा निळ्या ठेवून पाटावरही कोरून घ्या, म्हणजे वॅगन नेमकी कुठे थांबवायची ते दिसतं.