अंगणात काय घालाल: पेव्हर, शहाबादी की जांभा?

अंगणाचं काम काढलं की दुकानात आधी रंग आणि नक्षी दाखवतात. ते नंतर बघा. त्या जागेवर गाडी चढणार का, आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, एवढं घरीच ठरवून निघा.

गाडी येणार असेल तर मी पेव्हर ब्लॉक, म्हणजे काँक्रीटचे साच्यातले ठोकळेच सुचवेन. ६० मिमी जाडीचा, एम-३५ ग्रेडचा (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) घ्या. हलक्या वाहतुकीसाठी भारतीय मानक १५६५८ मध्ये तेच दिलंय. ५० मिमीचा ब्लॉक फक्त पायवाटेला. पेव्हर रेतीवर बसतो, सिमेंटात नाही. उद्या पाइप फुटला तर तेवढेच ब्लॉक काढा, दुरुस्ती करा आणि तेच परत बसवा. शहाबादीत ही सोय नाही, फरशी उखडताना तुटतेच.

पण चालण्या-बसण्याच्या अंगणाला शहाबादी छान. खरबरीत घ्या, पॉलिशची ओली झाली की पाय घसरतो. हा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे ॲसिडने कधीच धुऊ नका; चिंच-लिंबाचेही डाग पडतात. मिस्त्री अजून कामावर असतानाच प्रत्येक फरशी काठीने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही, आणि अशी फरशी चाकाखाली हमखास तडकते.

जांभा कोकणातच परवडतो. देशावर आणायचा तर वाहतूकच भारी पडते. दिसायला त्याला तोड नाही. मात्र दगड सच्छिद्र, त्यामुळे झाडाखाली पावसाळाभर शेवाळ धरतं. घरात म्हातारी माणसं असतील तर दारापुढे तो नकोच.

वरचं काहीही निवडा, अंगण खचतं ते खालून. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती उपसून मुरूम भरायचा. तोही एकदम ओतायचा नाही. थराथराने, पाणी मारून, दाबून. पेव्हरखाली त्यावर इंच-दीड इंच रेती. उतार दहा फुटांना अडीच इंच, तोही घरापासून बाहेर. पेव्हरला चारी कडांनी काँक्रीटची पट्टी लागतेच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. सांध्यांत बारीक कोरडी रेती झाडून भरा, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा.

कंत्राटदार चौरस फुटाचा एकच दर सांगतो. त्यात खोदाई, मुरूम, दबाई आणि कडेची पट्टी धरली आहे का, हे वेगवेगळं लिहून घ्या. स्वस्त दरात बहुतेक वेळा हीच कामं गाळलेली असतात.