आठ महिने वापरलेले क्वाड स्केट्स : बूट ठीक, चाकं मस्त, पण तो नट!

आधीच सांगून टाकतो, हे आर्टिस्टिकचे म्हणजे उड्या-गिरक्यांचे क्वाड स्केट्स आहेत, पुढे दोन मागे दोन चाकांचे, एका रेषेत चाकं असलेले स्पीडवाले इनलाइन नव्हेत, त्यामुळे "काका, जोरात पळतात का" असं विचारू नका. ५७ एमएमची चाकं, बुटाखाली ॲल्युमिनियमची प्लेट, टाचेचा उंच बूट, पुढे बोटांखाली रबराचा ठोकळा म्हणजे टो-स्टॉपर, बाकी माहिती सगळ्यांना आहेच. जानेवारीत नातीसाठी घेतले, साडेअकरा हजार मोजून. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अजून भांडण चालू आहे, आणि उद्या त्यांनी ऐकलं तर उगाच माझ्यावर खोटं बोलल्याचा आळ यायला नको.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. बूट सुरुवातीला चावला, दोन्ही घोट्यांना फोड आले, मग बायकोने जुन्या मोज्याचा पट्टा आत घालून दिला आणि पंधरा दिवसांत चामडं मऊ पडलं. चाकं सिमेंटच्या रिंकवर छान धरतात. पॉलिश केलेल्या फरशीवर घसरतात, पण तिथे माणूसही घसरतो.

आता मुद्द्यावर येतो. मी तीस वर्षं भोसरीला टूल रूममध्ये काढलीत. घरात वस्तू आली की आधी तिचे नट-बोल्ट बघतो, रंग नंतर. ह्या टो-स्टॉपरचा दांडा पाच सूत (इंचाचा पाच अष्टमांश), बारीक आट्यांचा. तो खालून प्लेटमध्ये फिरवायचा, हवा तेवढा वरखाली करायचा आणि लॉकनटने आवळायचा. एवढं साधं काम. तर ह्या लोकांनी लॉकनट दिलाय ॲल्युमिनियमचा, साबणासारखा मऊ! दोनदा पाना लावला की कोपरे गोल. आवळून पाठवा, चौथ्या दिवशी स्टॉपर सैल, आणि गंमत म्हणजे फक्त उजव्या पायाचा. डाव्याचा नट जसाच्या तसा. मी घरी दोन्ही नट काढून व्हर्नियरने मोजले, फरक काही नाही. रात्री झोप येईना. बायको म्हणाली, "अहो, पोरगी झोपली, तुम्ही का जागे?"

मार्चमध्ये व्हायचं तेच झालं. भर प्रॅक्टिसमध्ये स्टॉपर निघाला, घरंगळत रिंकच्या मधोमध गेला आणि मागून येणाऱ्या एका मुलीचं चाक त्याच्यावर चढलं. गुडघा फुटला तिचा. तिच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो टाकलाय.

कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्र, नम्रपणाचंच ट्रेनिंग दिलेलं असणार. "सर, टो-स्टॉपर वेअर अँड टेअरमध्ये येतो, वॉरंटीत बसत नाही." म्हटलं, अरे बाबा रबर झिजलंय असं मी म्हणतच नाहीये, नट सुटतोय. "सर, नट सेपरेट येत नाही, स्टॉपरची जोडी घ्यावी लागेल, नऊशे पन्नास प्लस कुरिअर." नटासाठी नऊशे पन्नास! फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, मोजमापाचा कागदही स्कॅन करून पाठवला. तीन वेळा मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद केली आहे. समाधान कोणाचं ते लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी एक स्टार देऊन बसलो होतो आणि हा रिव्ह्यू तेव्हाच लिहिला असता तर इथेच संपला असता.

पण मग मॅडम मधे पडल्या. मॅडम म्हणजे क्लासच्या कोच, त्यांच्या काळातल्या आर्टिस्टिक रोलरच्या नॅशनल चॅम्पियन. आता चाळिशी उलटलीय, उजव्या गुडघ्याला पट्टा, पण चाकांवर उभ्या राहिल्या की पाठ बघावी, ओळंबा सोडल्यासारखी सरळ. त्यांनी नातीचा स्केट हातात घेतला, रबरावरून अंगठा फिरवला. रबर एका बाजूला तिरकं झिजलेलं. मला म्हणाल्या, "काका, हिला ब्रेक लाव असं कोण सांगतं?"

रेलिंगपाशी उभ्या असलेल्या सगळ्या आयांनी माझ्याकडे बघितलं. कारण रोज कठड्याला टेकून "ब्रेक लाव गं, ब्रेक!" असं ओरडणारा पूर्ण कर्वेनगरात एकच माणूस आहे.

"हा ब्रेक नाही काका, उडीची पायरी आहे ही." आणि त्यांनी तिथल्या तिथे दाखवलं, मागे जाता जाता डाव्या पायाचा स्टॉपर हलकेच टेकवला आणि अंग वर. आवाज टक् एवढाच. बर्फावरच्या ब्लेडला पुढे दात असतात ना, तेही ह्याचसाठी. टो लूप, फ्लिप, लुट्झ ह्या उड्या पायाचं टोक टेकवून घेतात. थांबायचं तर मागचा पाय आडवा घासून टी-स्टॉप. नात उजवा पाय मागे ओढत स्टॉपर घासून थांबायची, रोज, माझ्या सांगण्यावरून. तो पीळ नटावर येणार नाही तर कुठे येणार? आणि उजव्याच का, ह्याचं उत्तर मला व्हर्नियर कुठून देणार होतं.

घरी येऊन नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, मी तुम्हाला सांगितलेलं, हान्यू कुठे ब्रेक लावतो?" हा हान्यू म्हणजे जपानचा बर्फावरचा स्केटर युझुरू हान्यू, २०१४ आणि २०१८ ची ऑलिम्पिक सुवर्णं त्याची. २०२२ च्या जुलैत स्पर्धा सोडल्या आणि २०२३ च्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये एकट्याने शो केला, पस्तीस हजार माणसं बघायला. एक माणूस, एक रिंक. तो बघत असताना माझं लक्ष त्याच्या पायांकडेच होतं, आणि पोरगी खरं बोलत होती.

तर अपडेट : नट मऊ आहे हे मत कायम, पण नव्वद टक्के दोष माझ्या तोंडाचा. स्टार एकचे तीन केले. (आता टी-स्टॉपमुळे चाकं घासतात हा वेगळा हिशोब.)

मॅडमच्या फीबद्दलही मत बदललं, तेही लिहितो. महिना तीन हजार, आठवड्याला तीन दिवस. मला आधी वाटायचं, एका जागी उभं राहून "गुडघा वाक" म्हणायचे तीन हजार? त्यात पहिली वीस मिनिटं मुलं नुसती जमिनीवर आखलेल्या गोलांवरून फिरणार, एका पायावर, रेघ न सोडता. एक बाबा तर म्हणाले, गोलगोल फिरायला कात्रजच्या बागेत नेतो की. मी जरा वाचलं. हे फिगर्स, ह्यावरूनच फिगर स्केटिंग हे नाव. बर्फावर १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून काढून टाकले, रोलरवाले अजून शिकवतात. १९७२ ला साप्पोरोच्या ऑलिम्पिकला ऑस्ट्रियाची बीएट्रिक्स शूबा फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या भागात, सातवी आली, तरी सोनं तिलाच, कारण गोलांमध्ये तिने आधीच एवढं मिळवून ठेवलेलं. हे त्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणूनच काढून टाकलं असेल. बरोबरच आहे म्हणा.

मॅडमचा दिवस असा : सकाळी सहाची बॅच, मग एका शाळेत पीटीचे तास, संध्याकाळी दोन बॅच, आणि शनिवार-रविवार शो. लग्नातलं संगीत, मॉलचं उद्घाटन, शाळेची गॅदरिंगं, जिथे बोलावतील तिथे. मी विचारलं, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी नाही मिळाली? "मिळाली होती की. पाच वर्षं केली. सकाळच्या बॅचला पोचता येत नव्हतं." एवढंच. मी त्यांना माझं नवं वाचन ऐकवलं, की स्कॉट हॅमिल्टन, १९८४ चा ऑलिम्पिक विजेता, त्यालाही आइस केपेड्स ह्या बर्फावरच्या शोच्या कंपनीने दोन वर्षांत काढलं, मग त्याने १९८६ ला आपला स्टार्स ऑन आइस हा शो उभा केला. आणि पूर्वी शोचे पैसे घेतले की ऑलिम्पिकचं दार बंद, १९९४ ला लिलेहॅमरच्या ऑलिम्पिकला जुन्या प्रोफेशनल लोकांना परत येऊ दिलं तर १९८८ चा विजेता अमेरिकेचा ब्रायन बॉइटानो सहावा आला. मॅडम लेस बांधत होत्या. म्हणाल्या, "काका, आपल्याकडे दार कोणी बंद केलेलं नाही. आपल्याकडे फ्लोअर मिळत नाही."

ते फ्लोअर मी गणपतीत बघितलं. कोथरूडच्या एका सोसायटीत त्यांचा शो, नात आणि अजून चार मुली मागे. मॅडमनी वीस बाय वीस फूट सांगितलेलं, मिळालं सोळा बाय बारा, प्लायवूडच्या फळ्या आणि वर लाल कार्पेट. कार्पेटवर चाक चालत नाही हे कार्यकर्त्याला पटायला पंधरा मिनिटं गेली. कार्पेट काढलं तर खाली अकरा खिळे डोकं वर काढून. मी घरून हातोडी आणली, गुडघ्यावर बसून एकेक ठोकला, मॅडम मोबाइलचा टॉर्च धरून मागे मागे. जिथे दोन फळ्यांचा जोड उंच होता तिथे त्यांनी बोट फिरवलं आणि मुलींना म्हणाल्या, "मेप्स नाही. कोणीच नाही. फक्त स्पिन." मेप्स म्हणजे टो लूपच, रोलरवाले तसं म्हणतात, ब्रूस मेप्स नावाच्या अमेरिकन स्केटरवरून, आणि तो स्वतः शोवालाच, प्रोफेशनल.

मॅडमचा स्वतःचा स्पिन चालू असताना निवेदकाने माइकवर सांगितलं की गेटसमोरची पांढरी स्विफ्ट कोणाची आहे ती ताबडतोब काढावी. निम्मी माणसं उठून बघायला लागली. त्या फिरतच होत्या. स्टेजच्या कडेला दीड फूट उरला होता, मी मनात मोजत होतो, आणि जिथे सुरू केला तिथेच संपवला. मग हात वर, हसू, नमस्कार. खाली उतरल्यावर गुडघ्याचा पट्टा काढला तर खाली कातडी लालबुंद. आरतीनंतर नारळ आणि पाकीट. पाकीट त्यांनी तिथेच उघडून मोजलं, आणि ठरलेल्यापेक्षा पाचशे कमी निघाले म्हणून खजिनदाराला गाठून वसूल केले. तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे.

स्केट्सचं राहिलं. पावसाळ्यात बेअरिंगं गंजली, सोळाच्या सोळा. कंपनीकडे सेट अठराशे. उघडून बघितलं तर साधं ६०८ नंबरचं बेअरिंग, आत आठ, बाहेर बावीस, जाडी सात एमएम. नाना पेठेत सत्तर रुपयाला एक, चांगल्या मेकचं. म्हणजे अकराशे वीस, आणि जुनीतली पाच मी थिनरमध्ये धुऊन, शिलाई मशीनचं तेल घालून परत चालू केली, ती डब्यात आहेत. पावसात चालवल्यावर फडक्याने पुसा एवढं जरी बॉक्सवर छापलं असतं तरी चाललं असतं.

आणि नट. बोहरी आळीत चार दुकानं फिरलो, त्या आट्यांचा नट नाही. शेवटी भोसरीच्या जुन्या मित्राच्या लेथवर माइल्ड स्टीलचे दोन करून घेतले, कंपनीच्या नटापेक्षा दीड एमएम जाड, खाली वॉशर. मॅडमनी वर एक युक्ती सांगितली, दांड्याला नळवाल्याची पांढरी टेप दोन वेढे. साडेतीन महिने झाले, दोन्ही पायांचे नट तसूभर हललेले नाहीत. आता नातीचा पाय वाढलाय, दिवाळीपर्यंत बूट लहान होईल, तेव्हा विकायला काढीन. नट काढून ठेवणार आहे.

गेल्या आठवड्यात मॅडमनी क्लासमधल्या बाकी मुलींसाठी अजून आठ नट करून मागितले. "किती द्यायचे काका?" म्हटलं, मित्राने वीस रुपये नग लावलाय, फीमधून वळते करा. पावतीवर त्यांनी तसं लिहून दिलं, दोन हजार आठशे चाळीस.